बदलांची वंशावळ आणि ती पाहण्याचे साधन

व्हर्जन कंट्रोलमधला इतिहास ही मुळात एक वंशावळ असते. गिटमधली प्रत्येक कमिट स्वतःजवळ मोजक्या गोष्टी ठेवते: त्या वेळी प्रकल्पातल्या सर्व फायली जशा होत्या तसे त्यांचे पूर्ण चित्र, बदल लिहिणाऱ्याचे नाव व वेळ, तो बदल नोंदवणाऱ्याचे नाव व वेळ, एक संदेश, आणि आपल्या जनक कमिटचा 40 अक्षरांचा क्रमांक. सगळ्यात कमी लक्ष जाते ते या शेवटच्या क्रमांकाकडे, आणि इतिहासाला आकार येतो तो त्याच्यामुळेच. पहिल्या कमिटला जनक नसतो. नेहमीच्या कमिटला एक असतो. दोन ब्रँच, म्हणजे कामाचे दोन फाटे, मर्ज झाल्या की त्यांना जोडणाऱ्या कमिटला दोन जनक मिळतात. एकाच कमिटवरून दोघांनी वेगवेगळे काम सुरू केले की तिला दोन अपत्ये होतात. अपत्याला जनक ठाऊक असतो, जनकाला मात्र अपत्य ठाऊक नसते, कारण कमिट एकदा लिहिली की तिच्यात नंतर काहीही भरता येत नाही. म्हणून साठवलेल्या स्वरूपात हा इतिहास फक्त मागे मागे वाचता येतो. हा बदल पुढे कोणत्या आवृत्तीत पोचला, त्यावर कोणी काय रचले, ही उत्तरे सगळी वंशावळ उभी केल्याशिवाय मिळत नाहीत.

पांझरा नदीच्या उत्तर काठावर, धुळे शहराच्या देवपूर भागात, श्री शिवाजी विद्या प्रसारक संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथला किंवा महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तिघाचौघांच्या गटात करतो, तेव्हा गिटशी त्याची पहिली ओळख बहुधा तीन आज्ञांपुरती असते: फायली जोडा, कमिट करा, पुश करा. कमिट करणे म्हणजे लिहिणे. लिहिलेले वाचायचे कसे हे मागाहून, आणि तेही काही बिघडल्यावर, शिकले जाते. हा क्रम उलटा हवा. इतिहास वाचायला शिकलेला माणूसच वाचण्याजोगा इतिहास लिहितो, आणि वाचायला शिकण्याचा सरळ मार्ग म्हणजे वंशावळ रेषांनी काढून दाखवणारे साधन.

'गिट लॉग' ही आज्ञा नेहमीच्या वापरात कमिटची यादी छापते, नवी आधी आणि जुनी नंतर. एकटा माणूस एकाच ब्रँचवर काम करत असेल तर ही यादी पुरते. दोघे काम करू लागले की ती फसवू लागते. एकीने लॉगिनच्या पानावर आठवडाभर काम केले, दुसऱ्याने त्याच आठवड्यात गुणपत्रकाच्या हिशेबावर केले, आणि शनिवारी दोन्ही ब्रँच मर्ज झाल्या, असे समजू. यादीत या दोघांच्या कमिट तारखेनुसार एकमेकींत मिसळून येतात. वाचणाऱ्याला वाटते की मंगळवारची कमिट सोमवारच्या कमिटवर उभी आहे. प्रत्यक्षात मंगळवारी लिहिणाऱ्याच्या संगणकावर सोमवारचा तो बदल पोचलेलाच नव्हता. शिवाय तारीख येते ती लिहिणाऱ्याच्या संगणकाच्या घड्याळावरून, आणि ते घड्याळ चुकीचे असू शकते. जनक-अपत्याचे नाते घड्याळावर अवलंबून नसते. इतिहासात 'आधी' आणि 'नंतर' या शब्दांना खात्रीचा अर्थ आहे तो या नात्यापुरताच. यादी ते नाते पुसून त्याच्या जागी तारीख बसवते.

गिटची सुरुवात एप्रिल 2005 मध्ये झाली. लिनक्स कर्नलचे काम तोवर बिटकीपर या खासगी साधनावर चालत होते. त्याचा फुकट वापर बंद झाल्यावर लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःच नवे साधन लिहायला घेतले. त्याच वर्षी पॉल मॅकेरास या ऑस्ट्रेलियन कर्नल-विकासकाने 'गिट-के' लिहिले. टीसीएल ही भाषा आणि तिचा टीके हा खिडक्या रेखाटणारा जोडीदार वापरून लिहिलेली ती एकच लांबलचक स्क्रिप्ट आहे. नंतर सोर्सट्री, टॉर्टॉइजगिट, गिटक्रॅकन अशी कितीतरी चित्रमय साधने आली आणि व्हीएस कोडसारख्या संपादकांतही आलेख दिसू लागले. त्यांपैकी बरीच दिसायला अधिक देखणी आहेत. तरी शिकण्यासाठी गिट-के आजही उत्तम ठरते. ते गिटबरोबरच मिळते, त्यासाठी खाते उघडावे लागत नाही, इंटरनेट लागत नाही, कारण सगळा इतिहास आपल्याच संगणकावर असतो. शिवाय ते गिटच्या मूळ कल्पनांवर स्वतःच्या कल्पनांचा थर चढवत नाही.

त्याची खिडकी दोन मजली असते. वरच्या मजल्यावर डावीकडे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, प्रत्येक ठिपक्यासमोर कमिटच्या संदेशाची पहिली ओळ, मग लेखक, मग तारीख. सध्या जिच्यावर उभे आहोत त्या कमिटचा ठिपका पिवळा असतो. ब्रँचचे नाव हिरव्या चौकटीत, टॅग, म्हणजे एखाद्या आवृत्तीला दिलेले नाव, पिवळ्या खुणेत दिसतो. अजून कमिट न केलेले बदलही इथे दिसतात: इंडेक्समध्ये, म्हणजे पुढच्या कमिटच्या तयारीत, न घेतलेले असतील तर सगळ्यांत वर लाल ठिपका, घेतलेले असतील तर हिरवा. खालच्या मजल्यावर डावीकडे निवडलेल्या कमिटचा तपशील आणि तिचा डिफ, म्हणजे गेलेल्या ओळी लाल आणि आलेल्या हिरव्या. उजवीकडे त्या कमिटने हात लावलेल्या फायलींची यादी असते, आणि एक बटण दाबले की त्याच जागी त्या वेळचा संपूर्ण फाइलवृक्ष उघडतो.

तपशिलाच्या चौकटीत लेखकाच्या नावाखाली काही ओळी असतात. नवखा त्यांच्याकडे पाहतही नाही, आणि सगळे साधन ज्यासाठी आहे ते तिथेच असते. जनक कोण, अपत्य कोण, ही कमिट कोणत्या ब्रँचमध्ये आहे, कोणत्या टॅगनंतरची आहे आणि कोणत्या टॅगच्या आधीची. यांतले अपत्य गिटच्या साठ्यात त्या कमिटपाशी कुठेही लिहिलेले नसते. साधनाने पूर्ण वंशावळ चालून ते शोधलेले असते. 'ही दुरुस्ती कोणत्या आवृत्तीत गेली?' या रोजच्या प्रश्नाचे उत्तर तिथे एका ओळीत मिळते.

गिट-के उघडताना 'ऑल' हा पर्याय दिला तर सगळ्या ब्रँच एकत्र दिसतात, न दिल्यास फक्त चालू ब्रँचचे पूर्वज. नव्या माणसाने नेहमी 'ऑल'नेच सुरुवात करावी. चालू ब्रँचपुरते पाहणारा स्वतःचाच रस्ता पाहत राहतो, शेजारी कोणी वेगळा रस्ता काढला आहे हे त्याला कळतच नाही.

इतिहासाला विचारायचे प्रश्न थोडेच असतात. त्यांतला पहिला म्हणजे, ही ओळ इथे आली कुठून? महाराष्ट्रात जमीन असलेल्या कुटुंबांना हा प्रश्न आणि त्याचे उत्तर शोधण्याची रीत दोन्ही ठाऊक आहेत. सातबारा उतारा आजची स्थिती सांगतो, पण त्यावरच्या प्रत्येक नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक असतो आणि कमी झालेले नाव कंसात जाते. तो क्रमांक घेऊन गाव नमुना 6, म्हणजे फेरफार नोंदवही, उघडली की वारसाने आले, खरेदीने आले की वाटपाने आले ते कळते. वर्दी देणारा वेगळा, नोंद घालणारा तलाठी वेगळा आणि ती प्रमाणित करणारा मंडळ अधिकारी वेगळा. गिटनेही बदल लिहिणारा आणि तो नोंदवणारा यांची नावे वेगवेगळी ठेवली आहेत. गिट-केमध्ये डिफमधल्या ओळीवर उजवे बटण दाबून तिचा उगम विचारला की ती ओळ ज्या कमिटने आणली तिथे साधन घेऊन जाते, आणि मग वर पाहिल्यावर ती कमिट कोणत्या कामाच्या ओघात आली हेही रेषेवरून दिसते. सातबारा वाचणारा माणूस फेरफार न पाहता जमीन घेत नाही. दुसऱ्याचा प्रोग्राम हाती घेणाऱ्यानेही तीच सावधगिरी बाळगली पाहिजे.

दुसरा प्रश्न हरवलेल्या गोष्टीचा असतो. एखादे फंक्शन मागच्या वर्षी होते, आज नाही. आजच्या फायलीत शोधून ते सापडणार नाही. गिट-केच्या शोधपट्टीत एखादा शब्द ज्या कमिटमध्ये आला किंवा गेला तेवढ्याच कमिट शोधण्याची सोय आहे, तसेच एखाद्या फायलीला हात लावणाऱ्या कमिट ठळक करण्याचीही. ठळक करणे आणि गाळणे यांत मोठा फरक आहे. गाळले की उरलेल्या कमिटच्या आजूबाजूचे सगळे नाहीसे होते. ठळक केले की त्या कमिट आपल्या जागी, आपल्या शेजाऱ्यांसह राहतात, आणि 'हा बदल ज्या दिवशी झाला त्या दिवशी आणखी काय चालले होते' याचे उत्तर त्याच नजरेत मिळते.

तिसरा प्रश्न बिघाडाचा. मागच्या आवृत्तीत चालणारी गोष्ट या आवृत्तीत चालत नाही, आणि मधे 1000 कमिट आहेत. गिटची बायसेक्ट ही आज्ञा मधली कमिट काढून देते. ती तपासून बरी की वाईट एवढे सांगायचे, की उरलेल्यांतली मधली पुढे येते. अशा सुमारे 10 पायऱ्यांत गुन्हेगार कमिट सापडते. या कामाच्या मध्यावर बायसेक्टला चित्र दाखवायला सांगितले तर ते गिट-केच उघडते, आणि त्यात संशयित कमिट तेवढ्याच शिल्लक असतात. फाटे फुटलेल्या इतिहासात 'मधली' म्हणजे काय, हे यादी पाहून उमगत नाही. गिट पूर्वजांची संख्या मोजून मध्य ठरवते, आणि तो मध्य एखाद्या बाजूच्या ब्रँचवर का पडला हे आलेखावरच पटते.

मर्जच्या वेळी संघर्ष झाला आणि काम अडले तर गिट-के 'मर्ज' या पर्यायाने उघडावे. संघर्ष झालेल्या फायलींना दोन्ही बाजूंनी हात लावणाऱ्या कमिट तेवढ्याच समोर येतात. त्या वाचून निर्णय घेणे आणि संघर्षाच्या खुणांमधून आपली बाजू ठेवून दुसऱ्याची पुसणे, यांत जबाबदारीचा फरक आहे.

आलेखाच्या बाजूने सगळ्यांत बळकट पुरावा इथेच मिळतो. समजा, गुणपत्रकाच्या हिशेबातली चूक एकाने आपल्या ब्रँचवर दुरुस्त केली. मर्ज करणाऱ्याने संघर्ष सोडवताना ती फाइल आपल्या बाजूची जशीच्या तशी ठेवली. दुरुस्ती गेली. आता कोणी त्या फायलीपुरता 'गिट लॉग' मागितला तर काय दिसते? मर्जनंतरची फाइल एका जनकाच्या फायलीशी तंतोतंत जुळते म्हणून गिट इतिहास सोपा करून फक्त त्याच जनकाच्या रस्त्याने मागे जाते. दुरुस्तीची कमिट यादीत येतच नाही. ती कधी झालीच नव्हती असे वाटते. पूर्ण इतिहास मागणारा वेगळा पर्याय आहे, पण जे हरवले आहे ते हरवले आहे हेच ठाऊक नसताना तो पर्याय कोणाला सुचणार? फायलीची गाळणी न लावता आलेख उघडला तर दुरुस्तीची कमिट तिच्या रेषेवर उभी दिसते आणि ती रेषा मर्जमध्ये जाऊन मिळालेलीही दिसते. मर्जच्या कमिटवर टिचकी मारली तर मात्र तिचा डिफ त्या फायलीपुरता रिकामा येतो, कारण एकत्रित डिफमध्ये दोन्ही जनकांपेक्षा वेगळे असलेले तुकडेच दाखवले जातात. म्हणजे चित्रमय साधनही आपणहून ओरडून सांगत नाही. पण दुरुस्तीची कमिट निवडून मर्जच्या कमिटशी तिची तुलना करणे ही उजव्या बटणावरची एक टिचकी आहे, आणि ती कुठे मारायची ते रेषा सांगते.

आज्ञा टंकून काम करणाऱ्यांचा यावर जुना आक्षेप आहे. त्यांच्या मते चित्रमय साधन माणसाला आळशी करते, आत काय चालले आहे ते झाकते, आणि खरा जाणकार टर्मिनलमध्येच राहतो. बदल घडवणाऱ्या क्रियांबाबत या आक्षेपात तथ्य आहे. बटण दाबून मर्ज, रिबेस, रिसेट करणाऱ्याला आपण नेमके काय केले ते पुष्कळदा सांगता येत नाही, आणि अशा क्रिया आज्ञेने, शब्द वाचून, सावकाश कराव्यात हेच बरे. वाचनाची गोष्ट वेगळी आहे. ज्या वस्तूचा आकारच जाळ्यासारखा आहे ती एका खाली एक ओळींत वाचण्याचा हट्ट धरण्यात कौशल्य कसले? टर्मिनलवालेही शेवटी 'गिट लॉग'ला 'ग्राफ' हा पर्याय देऊन तारका आणि तिरक्या रेघांनी आलेखच काढतात. म्हणजे आलेख लागतो हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. उरतो तो सोयीचा प्रश्न, आणि एका कमिटवरून दुसरीवर उडी मारणे, डिफ शेजारीच असणे, शोध लावूनही परिसर न हरवणे या बाबतींत खिडकी सरस आहे.

प्रतींची वंशावळ काढल्याशिवाय पाठ ठरवू नये, हा विचार खानदेशात आणि महाराष्ट्रात संगणकाच्या फार आधीपासून रुजलेला आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात निधन झाले आणि 1927 मध्ये तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याच शहरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी वाङ्मयाची हस्तलिखिते जमवली, ती समर्थ वाग्देवता मंदिरात ठेवली, आणि 1905 मध्ये दासबोध छापताना डोमगावच्या मठातली, कल्याणस्वामींच्या हातची मानली जाणारी प्रत आधाराला घेतली. कोणती प्रत कोणावरून उतरली, हा प्रश्न या माणसांच्या रोजच्या कामाचा होता.

त्याचे सर्वांत मोठे उदाहरण पुण्याचे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू केले आणि ते 1966 मध्ये पुरे झाले. 1925 पासून 1943 मध्ये निधन होईपर्यंत प्रमुख संपादक असलेल्या वि. सी. सुकथनकर यांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत वाचनांची वंशावळच आखून दाखवली: उत्तरेची एक शाखा, दक्षिणेची दुसरी, त्यांत शारदा, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम लिप्यांतल्या प्रतींचे उपगट. छापील पानाचा वरचा भाग ठरवलेल्या पाठाचा, खालचा भाग कोणत्या प्रतीत काय वेगळे आहे याच्या नोंदींचा. या पद्धतीचा कणा असा की प्रती मोजून निर्णय करायचा नाही. एकाच प्रतीवरून उतरलेल्या दहा प्रती मिळून एकच साक्ष होते. मल्याळी आणि काश्मिरी प्रत एकमेकींपासून दूर राहूनही एकच पाठ देत असतील, तर त्या दोघींचे वजन त्या दहांपेक्षा जास्त. प्रोग्रामच्या दहा ब्रँचमध्ये तीच चूक दिसली म्हणून ती दहांनी केली असे होत नाही. दहा रेषा मागे जाऊन ज्या एका ठिपक्याशी मिळतात तिथे ती झालेली असते, आणि दुरुस्तीही तिथूनच विचारात घ्यावी लागते.

सुकथनकरांना ज्याचा सगळ्यांत जास्त त्रास झाला ते मिश्रण होते. लेखनिकाने समोर दोन प्रती ठेवून उतरवले की त्याची प्रत दोन कुळांची होते, आणि निव्वळ झाडासारखी वंशावळ कोलमडते. गिटच्या भाषेत ही मर्ज कमिट. फरक एवढाच, आणि तो प्रचंड आहे, की लेखनिकाने आपल्या दोन जनकांची नावे लिहून ठेवली नव्हती. पंडितांना ती पाठभेदांवरून अंदाजाने शोधावी लागली, त्यात आयुष्ये गेली. गिटमध्ये ती नावे प्रत्येक मर्जमध्ये आयती लिहिलेली असतात. अशी संपत्ती हाताशी असून ती न उघडणे ही खरोखर हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे.

इतिहास पुन्हा लिहिण्याच्या प्रश्नावरही या परंपरेकडून शिकण्यासारखे आहे. शके 1212 मध्ये सांगितली गेलेली ज्ञानेश्वरी तीन शतकांत उतरवता उतरवता अशुद्ध झाली होती. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, प्रती जमवून पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी त्यात ओव्या घालू नयेत असे बजावले. त्या कामाने ज्ञानेश्वरी वाचली, घराघरांत पोचली. पण कोणत्या प्रतीतला कोणता पाठ सोडला याची नोंद मागे राहिली नाही. म्हणून एकनाथपूर्व प्रत शोधण्याची धडपड करावी लागली, आणि राजवाडे यांनी 1909 मध्ये आपल्याला मिळालेली जुनी प्रत छापली तेव्हा तिच्याभोवती वाद झाला.

रिबेस आणि स्क्वॉश या क्रियांमागेही शुद्धीचीच इच्छा असते. चाळीस धडपडी कमिटची एक नीटस कमिट केली, फाटे सरळ रेषेत आणले, की आलेख स्वच्छ दिसतो. स्वतःपुरत्या, कोणाला न दिलेल्या कामावर हे जरूर करावे. वाचणाऱ्याचा वेळ वाचतो. पण एकदा ते काम दुसऱ्याने घेतले की त्याचा इतिहास बदलू नये, हा लिनक्सच्या कामात रुळलेला नियम सगळ्यांनी पाळण्यासारखा आहे. त्यानंतर केलेले रिबेस म्हणजे त्याच बदलांची दुसरी प्रत. आलेखात त्याच संदेशाच्या, त्याच डिफच्या, वेगळ्या क्रमांकाच्या कमिट दोन रेषांवर दिसतात, आणि मग कोणती मूळ हे ठरवण्याचे जुने दुखणे पुन्हा अंगावर येते.

मराठी मजकूर गिटमध्ये ठेवणाऱ्यांना एक खास अडचण येते. 'दुसऱ्या' हा शब्द संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो: स्वतंत्र संकेतांकाचा ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. 'ॲ'चेही तसेच. युनिकोडमध्ये त्याला 2008 मध्ये स्वतंत्र जागा मिळाली, त्याआधीचा मजकूर अ-वर चंद्र जोडून लिहिलेला आहे. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, गिटला मात्र वेगळे. एका संपादकाने कळफलक बदलला की डिफमध्ये पानभर ओळी लाल-हिरव्या होतात आणि वाचणाऱ्याला एकही फरक सापडत नाही. यावर उपाय म्हणजे गटाने एक लेखनपद्धत आधी ठरवणे आणि जुना मजकूर त्या पद्धतीत आणण्याची कमिट पूर्णपणे वेगळी ठेवणे. अर्थाचा बदल आणि संकेतांकांचा बदल एकाच कमिटमध्ये मिसळला की अर्थाचा बदल कायमचा बुडतो. लिनक्सवर 'टीके'च्या खिडक्यांत जोडाक्षरे आणि वेलांट्या नेहमी नीट बसत नाहीत हीसुद्धा गिट-केची खरी उणीव आहे. मराठी मजकूरच मुख्य असेल तर दुसरे साधन घ्यावे.

आलेखाच्या इतर मर्यादाही आहेत. लिनक्स कर्नलच्या इतिहासात दहा लाखांहून अधिक कमिट आहेत आणि जानेवारी 2014 मधल्या एका मर्जला तर 66 जनक आहेत. असा इतिहास सबंध उघडला तर रेषांच्या गर्दीत काहीच वाचता येत नाही. तिथे दोन टॅगमधला पट्टा, एखादी निर्देशिका, किंवा फक्त पहिल्या जनकाची रेषा एवढेच मागावे. पुसलेल्या ब्रँचचे नाव आलेखात राहत नाही. मर्ज न होताच पुसली असेल तर तिच्या कमिटही दिसत नाहीत, रिफ्लॉगमध्ये, म्हणजे गिटने ठेवलेल्या आपल्या हालचालींच्या नोंदीत, सहसा 30 दिवस सापडतात आणि मग त्यांची साफसफाई होते.

सगळ्यांत मोठी मर्यादा कारणांची. काय बदलले ते डिफ सांगतो, कशावर बदलले ते रेषा सांगते, का बदलले ते फक्त माणूस सांगू शकतो. 'बदल केले', 'फायनल', 'फायनल 2' अशा संदेशांनी भरलेला आलेख उघडला की वरच्या मजल्याचा संदेशांचा भाग वायाच गेलेला असतो. आपल्या गटाचा असा आलेख एकदा पडद्यावर पाहिलेला विद्यार्थी पुढची कमिट वेगळ्या रीतीने लिहितो. पहिली ओळ 50 अक्षरांच्या आसपास, मग एक ओळ मोकळी, मग कारण. गिट संदेश यूटीएफ-8 मध्ये ठेवते, त्यामुळे कारण मराठीत लिहायला तांत्रिक आडकाठी नाही. ज्याला ते मराठीत चार वाक्यांत नीट मांडता येते त्याने मोडक्या इंग्रजीत एका शब्दावर भागवू नये.

व्हर्जन कंट्रोल शिकवणाऱ्यांनी पहिल्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यांकडून एकही कमिट करून घेऊ नये. एखादा जुना, अनेकांनी वाढवलेला प्रकल्प उतरवून घ्यावा, गिट-के 'ऑल'ने उघडावे आणि प्रश्न द्यावेत: ही ओळ कोणाची, ही दुरुस्ती कोणत्या आवृत्तीत गेली, या मर्जमध्ये काही गळले का? त्यासाठी गिटचा स्वतःचा इतिहास चांगला आहे. तो 7 एप्रिल 2005 च्या पहिल्या कमिटपासून कोणालाही मोफत मिळतो. गिट-के आधी वेगळ्या रिपॉझिटरीत वाढत होते. जून 2005 मध्ये टोरवाल्ड्स यांनी ते गिटमध्ये मर्ज केले, तेही त्याच्या सगळ्या इतिहासासकट. त्यामुळे गिटच्या वंशावळीत जनक नसलेली कमिट एकाहून जास्त आहे. ही दुसरी पहिली कमिट शोधून काढणे आणि तिची रेषा गिटच्या रेषेला कुठे मिळते ते दाखवणे, हा पहिला अभ्यास द्यावा.